प्रेमदास हजर, सर

नाचणगाव

सुलोचना मावशीले पौर्णिमाचा सविनय जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको, इकडं कोणाले काही झालं नाई. तुह्यी कंबर कशी आहे? अंगणवाडीतली पोरं अजूनही कडेवर चढते का? मावसाजीले माह्या जयभीम सांगजो. आईचं पोट आता दुखत नाई, फक्त बाबावर ओरडताना दुखते, म्हणून ती दमानं ओरडते. बाबाले तिचं तवाचं ऑपरेशन अजून मानवते.

तू म्हणशीन, घरात फोन असताना ही पोरगी पत्र काऊन लिहून राह्यली. मावशी, फोनवर मी 'हो' अन् 'नाई'च्या पुढं जात नाई, हे तुले माहीत आहे. (मागं तू विचारलं, "काय करून राह्यली व?" अन् मी "हो" म्हटलं. तू हसली. मी पण हसली, पण फोन ठेवल्यावर.) म्हणून हे पत्र इकडं आलेल्या तुह्या पोराच्या, रुपेशच्या हाती देतो. त्याले वाचू देऊ नको.

तर आपला ऑनलाईन कंप्युटर कोर्स संपला. तूच नाव टाकलं होतं, म्हणून आधी तुलेच सांगतो. पुलगावच्या चारुताताईनं तुह्यासमोरच म्हटलं होतं ना, का सर्टिफिकेट आण, माह्या सेवा केंद्रात काउंटरवर बसवतो, पण त्याच्यावर नाव तुह्यंच पायजे. मी तवाच ठरवलं, यावेळी सोडायचं नाई. आईच्या ऑपरेशनच्या वेळी नववीत चार महिने शाळा बुडली, मग वर्गात कसं शिरावं याची लाज वाटली, अन् त्या लाजेतच शाळा सुटली. ऑनलाईनमध्ये तं शिरायचंच नाई, दार नाई, बाकावरून वळून पाहणाऱ्या पोरी नाई. मले वाटलं, हे शिक्षण माह्यासाठीच काढलं असन.

पण पहिल्याच दिवशी घोळ झाला. फोन बाबाचा. त्याच्यावर नाव 'प्रेमदास', अन् फोटो देवळीच्या लग्नातला, बाबा कढईजवळ झारा घेऊन उभे. (आचारी माणसाचा फोटो कोण काढते म्हणा, पण नवरदेवाचा काढताना हे मागं आले, तेवढं कापून घेतलं.) मिहिर सर नागपूरवरून शिकवे. त्याईनं पडद्यावर दिसन त्या नावानं हजेरी घेतली, "प्रेमदासजी, आहात का?" आता इथं मी एवढंच म्हणाले पायजे होतं, का सर, मी त्याईची पोरगी. पण माईक सुरू करावा लागला असता. मी टाईप केलं, 'प्रेमदास हजर, सर'. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सर म्हणे, "प्रेमदासजींकडे पाहा, या वयात शिकताहेत!" आता एवढ्या कौतुकानंतर त्या माणसाले कसं सांगावं का तुमचं कौतुक चुकलं? तिसऱ्या दिवशी तं सरनं बेरीज शिकवताना पाचशे पानाले किती बेसन लागन हेच उदाहरण घेतलं, खास प्रेमदासजीसाठी. मग दर तासाले बेसन. बाकीचे पोरंपोरी "काका, काका" करून मले शंका विचारे अन् मी काकासारखं उत्तर लिहो. (शेवटी 'बाळा' लिहायचं. एकदा सवय लागली का सुटत नाई.)

असे तीन महिने काका होऊन गेले. शेवटच्या आठवड्यात सर म्हणे, आता समारोप, प्रत्येकानं कॅमेरा सुरू करून अभिप्राय द्यायचा, काय आवडलं, काय नाई आवडलं ते मोकळं बोलायचं. जो बोलन त्यालेच सर्टिफिकेट. अन् सगळ्यात शेवटी बोलणार आपले ज्येष्ठ विद्यार्थी प्रेमदासजी. मावशी, मी हिशोब केला. बोललं तं खोटं पकडलं जाते, नाई बोललं तं सर्टिफिकेट जाते, अन् बोलून मिळालं तरी नाव बाबाचं. म्हणजे चारुताताई काउंटरवर बाबाले बसवन.

मी ठरवलं, त्या दिवशी फोनच बंद ठेवायचा. पण नेमका बाबाले जाम गावच्या लग्नाच्या ऑर्डरचा फोन यायचा होता, ते लसूण सोलत फोनजवळच ठाण मांडून बसले. (वरून मनकर्णाबाई शेजारून येऊन बसली. तिले कोणी सांगतलं का पौर्णिमा टीव्हीवर येऊन राह्यली. ती नवं लुगडं नेसून आलती, मग क्लास लावावाच लागला.) एकेक जण बोलत गेला. सगळे एकच बोले, का सर छान शिकवते, खूप काही शिकाले भेटलं, धन्यवाद. मग सर म्हणे, "आता प्रेमदासजी." मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला. सर डब्यावरून बोले, "प्रेमदासजी? आवाज येतोय का?" अन् बाबानं लसणाच्या हातानं फोन उचलला अन् कॅमेऱ्यात पाहून म्हणे, "बोला सर, प्रेमदास बोलून राह्यलो."

तिकडं टाळ्या. मनकर्णाबाईनंही वाजवल्या. मी दाराआड.

सर म्हणे, मोकळेपणानं सांगा, काय कमी राहिलं? बाबा म्हणे, "पाहा सर, पंगतीत उभं राहून 'जेवण कसं झालं' विचारलं तं सगळे चांगलंच म्हणते. वाढणारा समोर असते ना. मी विचारतच नाई. हात धुवाच्या नळाजवळ जाऊन उभा राहतो. तिथं समजते, वरण पातळ होतं का घट्ट." सर म्हणे, वा, वा, फारच सुंदर. बाबा म्हणे, "सुंदर नाई सर, तुमचंच सांगून राह्यलो. तीन महिने तुमी कोणाले वाढून राह्यले ते तुमी पाह्यलंच नाई. माह्यी पोरगी जेवत होती, तुमी मले वाढून राह्यले."

म्हणजे बाबाले सगळं माहीत होतं! इअरफोन दुसऱ्याच आठवड्यात खराब झाला, तवापासून सरचा आवाज सगळ्या घरात जाये, अन् बाबा तो ऐकत असन, हे मावशी, माह्या ध्यानातच आलं नाई. मी इकडं प्रेमदास हजर लिहो अन् खरे प्रेमदास भिंतीपलीकडं कांदे चिरत ऐके. नंतर मी म्हटलं, बाबा, तुमी बोलले काऊन नाई? तं म्हणे, "तू कवा बोलते ते पाहून राह्यलो होतो. पण तू तं लयच शांत मनानं काका झाली."

हे नंतरचं. तवा तं बाबानं फोन सरळ माह्या तोंडासमोर धरला. सगळ्या चौकोनातली तोंडं माह्याकडं पाहे. पळाले जागा नव्हती, दारात मनकर्णाबाई. मी म्हटलं, "सर, मी पौर्णिमा. हजर मीच होती." मग वाटलं, एवढं झालंच आहे तं पुढचंही होऊ द्या. म्हटलं, "सर, तुमी 'समजलं का' म्हणता अन् लगेच पुढं जाता. ज्याले नाई समजलं त्याले टाईप कराले वेळ लागते. तुमी थांबत नाई." मले वाटलं, गेलं सर्टिफिकेट. तेवढ्यात खाली एकानं लिहिलं, 'बरोबर आहे काका'. मग दुसऱ्यानं, मग सगळ्याईनं. सर बराच वेळ वाचत होते. मग म्हणे, "पौर्णिमा, आता थांबतो मी. सगळ्यांनी लिहा." अन् खरंच थांबले.

सर्टिफिकेट आलं, पौर्णिमा नावानं. पण बाबाच्या नावाचं आधीच तयार झालतं, ते बी सरनं प्रेमानं पाठवलं. हजेरी सगळी त्याईच्याच नावावर, म्हणून त्याच्यावर 'उत्कृष्ट उपस्थिती' लिहिलं आहे, माह्यावर काहीच नाई. बाबानं ते लॅमिनेट करून समोरच्या खोलीत लावलं. आता ऑर्डर घेऊन येणाऱ्याले सांगते, जिल्ह्यात कंप्युटर झालेला आचारी मी एकटाच. आई म्हणे, मग भांडे घासाचं बटन दाबा. (तवा तिचं पोट दुखलं नाई.)

तुह्यी लाडकी,
पौर्णिमा

ता.क. – खरं काम लिहायचंच राह्यलं. चारुताताईले फोन करून 'मी येतो' असं कळवाचं आहे. माह्या वतीनं तू करशीन का? तुह्या आवाज भरीव आहे.

ता.क. दुसरा – फोन करू नको. रुपेशचं जाणं दोन दिवस पुढं गेलं, तवर मीच केला. ताईनं विचारलं, "कोण बोलते?" अन् माह्या तोंडून निघालं, "प्रेमदास." कट केला. मनकर्णाबाईच्या घरचं पाणी पिऊन आली अन् परत लावला. सोमवारपासून बसतो.

ता.क. तिसरा – एवढंच कर, सोमवारी सकाळच्या गाडीनं सेलूवरून पुलगावले येजो अन् केंद्रात गिऱ्हाईक म्हणून रांगेत पहिली उभी राहजो. तुह्या कागदात काही चूक असन तं घेऊन ये, नसन तं नुसतं झेरॉक्स. मी मान वर करून विचारीन, "नाव सांगा." तू ओळख देऊ नको, पूर्ण नाव सांगजो, हळूहळू. मी थांबीन. अन् हसू नको. हसली तं तुह्ये सगळे कागद उलटे झेरॉक्स करीन.