पडदा पडेपर्यंत कुणीही उठायचं नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला आहे. हल्ली जमीन अंगाला लागली की बरं वाटतं.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला कमी आहे ना? त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते हसतील, हसले की खोकतील आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटेल. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात शनिवारपासून माझी झोप उडाली आहे. डोळा लागला की पलंग हळूहळू काठापासून दूर जायला लागतो. अंघोळीला मी अर्ध्यापेक्षा जास्त बादली भरू देत नाही. दुकानात परवा एका बाईंच्या डोळ्यांना चष्मा लावून बघताना माझा हात इतका थरथरला, की त्यांनी वरच्या ओळीतलं सगळं दोन-दोनदा वाचलं आणि मी त्यांना भलत्याच नंबरची भिंगं दिली. हे सगळं कशामुळे झालं ते पहिल्यापासून सांगतो, कारण तुझ्याशिवाय हे सांगण्यासारखं मला कुणी नाही.

आमचं गाव तळ्याच्या काठी आहे हे तुला माहीत आहे. तुझी भावजय याच गावची. ती चालायच्या आधी पोहायला शिकली असं तिच्या माहेरचे सांगतात आणि अजूनही मनात आलं की पलीकडच्या काठाला हात लावून परत येते. मी लग्न होऊन इथे दुकान थाटल्यापासून तळ्याकडे पाठ करूनच बसलो आहे. (दुकानाचं दार मुद्दाम रस्त्याच्या बाजूला काढलं.) लहानपणी तू विहिरीत सूर मारायचीस आणि मी वर तुझे कपडे सांभाळत बसायचो, तेव्हापासून माझ्यात काही फरक पडलेला नाही. गावाला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे, शनिवारपर्यंत नव्हतं.

गावात दरवर्षी हौशी मंडळींचं नाटक होतं. लिहिणार पोस्टमास्तर, बसवणार पोस्टमास्तर आणि शेवटी रडणारही पोस्टमास्तरच. मी प्रॉम्प्टर. मला हे काम मनापासून आवडतं, कारण त्यात अंधारात बसून इतरांना बोलायला लावायचं असतं. आमच्या नाटकात तर प्रॉम्प्टरवाचून पान हलत नाही. मुख्य भूमिका कायम बेकरीवाल्याची असते आणि त्याने आजवर एकही वाक्य पाठ केलेलं नाही. तो कान माझ्याकडे लावून उभा राहतो आणि मी जे कुजबुजेन ते जसंच्या तसं गर्जून सांगतो. आवाज मात्र असा, की पाव संपल्याचं त्याने दुकानातून सांगितलं की तळ्यापलीकडची गिऱ्हाइकं घरी वळतात.

यंदा सभागृहाचं छप्पर उतरवलं होतं. तेव्हा पोस्टमास्तरांच्या डोक्यातून कल्पना निघाली की नाटकच वादळात सापडलेल्या होडीचं आहे, तर ते पाण्यावरच करू. रिकामी पिंपं बांधून त्यावर फळ्या ठोकल्या, असा भलामोठा तराफा तयार झाला. तो धक्क्याला दोराने बांधायचा आणि लोकांनी काठावरच्या पायऱ्यांवर बसायचं. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मी काठावरून प्रॉम्प्टिंग करणार अशा समजुतीत होतो. मग कळलं की प्रॉम्प्टरसाठी तराफ्याच्या कडेला एक खोका ठोकला आहे. फळ्यांच्या खालच्या पातळीला, म्हणजे माझं डोकं वर आणि बाकीचा मी पिंपांच्या मधे, पाण्यापासून वीतभर. ताई, मी नाही म्हणणारच होतो. पण नायकाच्या मुलीचं काम तुझ्या भावजयीकडे होतं, ती समोरच बसली होती आणि माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "जमेल ना?" मी म्हटलं, न जमायला काय झालं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. आमचे प्रेक्षक नाटकात फार बोलतात. गेल्या वर्षी बेकरीवाला मरणाच्या प्रवेशात आडवा झाला, तर किराणावाल्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "फरशी गार आहे रे, खाली काहीतरी घाल." दोघंजण तर स्टेजवर चढून उशी देऊन आले. पोस्टमास्तरांनी ते वर्षभर मनात ठेवलं होतं. यंदा त्यांनी खेळाआधी अख्ख्या गावाला उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. पडदा पडेपर्यंत कुणीही उठायचं नाही, बोलायचं नाही आणि नटांना कोणतीही मदत करायची नाही. गावाने हात वर करून शपथ घेतली. आमच्या गावाचे बाकी कितीही दोष काढ, पण चारचौघांत दिलेला शब्द ते मोडत नाहीत. (मला वाटतं एकमेकांच्या धाकाने मोडत नसावेत.)

संध्याकाळी दिवे लागले. तिसरी घंटा झाली. पडदा ओढायचं काम सलूनवाल्याकडे होतं. पडद्याचा दोर आणि तराफ्याचा दोर तराफ्यावरच्या एकाच खुंटाला बांधलेले. त्याने आधी एक सोडला, पडदा हलला नाही. मग दुसरा सोडला, पडदा उघडला, टाळ्या पडल्या आणि त्या आनंदात पहिला दोर परत बांधायचा राहून गेला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मला आलं, कारण मी एकटाच पाण्याकडे बघत होतो. मला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. धक्का माझ्या नाकासमोर होता, तो हातभर लांब गेला, मग दोन हात, मग त्याच्यावरचा कंदील एवढासा दिसायला लागला. माझी बोबडी वळली. कसाबसा खोक्यातून म्हणालो, "दोर सुटला रे!" आणि बेकरीवाल्याने उजवा हात आकाशाकडे नेऊन सगळ्या तळ्याला ऐकवलं, "दोर सुटला रे!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू.

यापुढे मी जे जे म्हणालो ते ते तो म्हणाला. मी म्हणालो, अरे वाक्य नाही, खरंच सुटलाय. तो गर्जला, अरे वाक्य नाही, खरंच सुटलाय. मी म्हणालो, मेलो, मला पोहता येत नाही, आई गं. त्याने तेही छाती पिटून म्हटलं, 'आई गं'सकट. अशा रीतीने, ताई, जी गोष्ट मी लग्नापासून गावापासून लपवली होती ती बेकरीवाल्याच्या आवाजात पायरीपायरीवर पोचली. किराणावाल्या मावशींनी पदर डोळ्याला लावलेला मला दिव्यात दिसला. पहिल्या पायरीवर गावचा नावाडी बसला होता, त्याची होडी शेजारीच बांधलेली, आणि तोही गहिवरून आमच्याकडे बघत होता. उठायला कुणी तयार नाही. पोस्टमास्तर तर मान डोलवत होते. आपल्या लिखाणात एवढी ताकद आहे हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं.

बेकरीवाल्याला खरा प्रकार समजला तेव्हा तो मटकन खाली बसला. (याही वेळी टाळ्या.) सलूनवाल्याने वल्ही उचलली, पण ती पोस्टमास्तरांनी पुठ्ठ्याची करून वर रंग दिलेली. दोनदा पाण्यात घालताच त्यांचा लगदा झाला. वारा काठावरून सुटला होता आणि आम्ही सांडव्याच्या दिशेने चाललो होतो. तळं भरलं की जादा पाणी जिथून खाली पडतं, तो सांडवा. त्याचा आवाज दिवसा गावात ऐकू येत नाही. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. माझ्या पायांशी पिंपांच्या मधून पाणी डुबुक डुबुक करत होतं आणि हातातल्या नाटकाची शेवटची पानं उरली होती. तेव्हा मला या सगळ्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट सुचली. नाटक संपलं तर पडदा पडणार, पडदा पडला की लोक टाळ्या वाजवून आपापले दिवे घेऊन घरी जाणार आणि आम्ही अंधारात राहणार. म्हणजे नाटक संपता कामा नये! मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ते संपलं तेव्हा सुचेल ते कुजबुजलो. चष्म्याच्या काचा पुसायची रीत सांगितली, तुझा पत्ता सांगितला, आपल्या लहानपणच्या कविता म्हटल्या. बेकरीवाला बसल्या जागी रडत रडत ते सगळं गर्जत होता. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो आणि इतका बोललोही नव्हतो.

तुझी भावजय त्या वेळी माझ्या खोक्याच्या काठावर बसली होती आणि तिने माझी कॉलर मागून घट्ट धरली होती. मला तिचा भयंकर राग आला, कारण कॉलरने गळा आवळत होता आणि गळ्यावरच सगळ्यांचा जीव अवलंबून होता. मग ती एकाएकी काठाकडे तोंड करून ओरडली, "अहो नावाडीभाऊ, तुमची होडी कुणीतरी सोडून नेतंय!"

एवढा वेळ 'वाचवा' म्हणून आमचे घसे बसले होते, तेव्हा तो माणूस हलला नव्हता. आता शपथ गेली खड्ड्यात! तो ताडकन उठला आणि होडीकडे धावला. होडी जागच्या जागी होती. पण उभं राहून बघितल्यावर आम्ही केवढे लांब गेलो आहोत ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने वल्ही मारली. आम्हाला ओढत काठाला आणलं, सलूनवाल्याने पडदा पाडला आणि मग कुठे गाव उठलं. नावाड्याने मधेच उठून रसभंग केला म्हणून त्याच्याशी अजून चारजण बोलत नाहीत. मला दोघांनी धरून खोक्यातून काढलं.

असो. सुखरूप आहे. तुम्ही दोघंही तब्येतीला जपा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि कुणालाही पाण्याजवळ जाऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : पुढच्या महिन्यात लोकाग्रहास्तव पुन्हा खेळ आहे. पोस्टमास्तर म्हणतात, तराफा वाहत जायलाच हवा, त्याशिवाय रंगत नाही. दोर लांब ठेवणार म्हणे. तुझ्या भावजयीने होकार दिला आहे.

आणखी एक : मी तिला विचारलं, तू एवढी पट्टीची पोहणारी, उडी टाकून काठ गाठायचा आणि होडी घेऊन यायची, हे तुला सुचलं नाही का? ती भाकरी... नव्हे, ती भांडी घासत होती (माझं लक्ष ठिकाणावर नाही). मान वर न करता म्हणाली, "सुचलं की. पण मी गेले असते तर तुम्हाला कोण धरणार होतं?" ताई, सांडव्यापेक्षा मला या वाक्याची भीती जास्त वाटते. पुढच्या वेळीही ती उडी टाकणार नाही. मी खोक्यात आहे तोवर ती तराफा सोडणारच नाही. म्हणून खरं काम आता लिहितो. तू इतकी वर्षं शाळेत मुलींना पोहायला शिकवलंस, मला शिकव. गुडघे फार दुखतात, चार दिवस भावाला पाठव, असं हिच्या नावाने पत्र टाक. दुखणं बेताचं लिही, फार लिहिलंस तर तीही सोबत निघेल. तिला यातलं काही कळता कामा नये.

वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आहे, तेही उघडं. गुडघ्यांचं काही लिहू नका, मी यांना सोमवारी पाठवते. पाण्यात उतरवाल तेव्हा अंगात शर्ट असू द्या, कॉलरचा. धरायला बरा पडतो.