तेजोरथला डिमांड येणारच

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : नोकरासारखा विचार करायचा नाही, इन्व्हेस्टरसारखा करायचा. सुरतेच्या पांडेसरा भागातल्या मिलच्या रंगखात्यात सुपरवायझर आहे ते फक्त दिवसा.
शुक्रवारी तेजोरथ इलेक्ट्रिक कारचे शेअर घेतले. शहराबाहेर सचिन गावात खोली बुक करायला ठेवलेले पैसे घातले. जयश्रीला सांगूनच. तिनं साड्यांवर स्टोन चिकटवून जमवलेलेही त्यात आहेत, म्हणून सांगावं लागलं. तिची अट एकच : फेब्रुवारीत बिल्डरला पैसे द्यायचे, त्याआधी काढायचे. मी म्हणालो, तोवर दोन खोल्या येतील. शेअर सेंटिमेंटवर चालतो. तिनं विचारलं, सेंटिमेंट म्हणजे काय? म्हटलं, लोकांचं मन. ती म्हणाली, कोणत्या लोकांचं?
बायकांना मार्केट समजावणं अवघड.

७ जानेवारी
शेअर थोडा खाली. ही हेल्दी घसरण आहे.
दुसऱ्याच्या टिपवर जगायचं नाही, स्वतः डिमांड बघायची, असं ठरवलं. संध्याकाळी पर्वत पाटियाच्या चौकात उभा राहिलो. टेम्पो, रिक्षा, कापडाचे गठ्ठे लादलेल्या मोटारसायकली. तेजोरथ एकही दिसली नाही.
निष्कर्ष : मार्केट पूर्ण मोकळं आहे. वाढायला जागाच जागा.

८ जानेवारी
घसा बसला. चौकातल्या धुरामुळे. इलेक्ट्रिक गाडीची गरज यावरूनच सिद्ध होते.

११ जानेवारी, रविवार
पर्वत पाटियालाच तेजोरथचं शोरूम निघालं. परवा पाठ करून उभा होतो म्हणून दिसलं नाही. आत एसी, दोन गाड्या आणि धर्मेंद्र नावाचा सेल्समन. माणूस बघून त्याला इतका आनंद झाला की मलाच संकोच वाटला. चहा दिला, बिस्किटं दिली. टेस्ट ड्राइव्ह घ्या म्हणाला. मला ड्रायव्हिंग येत नाही. म्हणालो, मी मागे बसणार, मालक मागेच बसतो. तो म्हणाला, बराबर छे सर.
चक्कर मारून आल्यावर त्यानं माझं नाव-नंबर घेतला. ही इन्क्वायरी म्हणे हेड ऑफिसला जाते. तिथून कंपनी मार्केटला सांगते की डिमांड कशी आहे.
घरी येईपर्यंत डोक्यात दिवा लागला होता : जितक्या इन्क्वायरी, तितका शेअर वर.

१४ जानेवारी, उत्तरायण
सगळी चाळ गच्चीवर. असा ऑडियन्स पुन्हा मिळणार नाही. पतंग सोडून तेजोरथवर बोललो. बॅटरी, भविष्य, पेट्रोलचा अंत. कुणी ऐकलं नाही. शेवटी सांगितलं, शोरूमला एसी आहे आणि चहा फुकट. मग ऐकलं.
बोलण्याच्या नादात माझा पतंग हेमराजनं कापला. हेमराज माझा मेहुणा. त्याला शेअर घ्यायला सांगितलं तर म्हणाला, दाजी, मला ताटात उंधियू घेऊ द्या आधी.
दूरदृष्टी नाही.

१८ जानेवारी
आईला घेऊन शोरूमला गेलो. गाडी रिंगरोडवर पोचली तरी ती विचारत होती, हाई चालू व्हयनी का नही? हा आवाज न होण्याचा पॉइंट जाहिरातीत यायला हवा. परत आल्यावर मागच्या सीटवरच झोपली. उठवलं तर म्हणाली, आते घर कसाले जावानं? उतरायलाच तयार नव्हती.
कस्टमर सॅटिस्फॅक्शन. धर्मेंद्रनं तिचीही इन्क्वायरी लिहिली.

२१ जानेवारी
एसी-चहाचं ऐकून आमच्या खात्यातले उखाभाऊ पाळी संपल्यावर पाच-सहा जणांना घेऊन गेले. त्यांनी धर्मेंद्रला खोदून खोदून विचारलं : डिकीत गव्हाचं पोतं बसेल का, गाडीवर ऊन पडलं तर बॅटरी आपोआप चार्ज होईल का. धर्मेंद्रचा मला फोन. सर, आख्खं पांडेसरा येतंय! मी फक्त म्हणालो, सेंटिमेंट बदलतंय.
नम्र राहायचं ठरवलं आहे.

२५ जानेवारी
शोरूमबाहेर रांग. धर्मेंद्रनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. गर्दी बघून भजीवाला आला. सचिनच्या बिल्डरचा एजंटसुद्धा टेबल टाकून बसला. एका तेजोरथमुळे किती जणांना रोजगार! सरकारनं दखल घ्यावी.

२८ जानेवारी
मोठा दिवस. टीव्हीवर बातमी : तेजोरथला अनपेक्षित भागांतून मागणी, सुरतच्या कामगार वस्तीत इन्क्वायरीचा पूर. शेअर उसळला. मी ओरडलो. शेजारच्या कुसुमताई धावत आल्या, त्यांना वाटलं सिलिंडर पेटला.
जयश्री म्हणाली, चांगलं झालं, विका आता. खोली येते त्यात.
मी म्हणालो, अगं, आत्ता तर डिमांड सिद्ध झाली.
ती म्हणाली, ही डिमांड म्हणजे उखाभाऊ आणि सासूबाई.
तिला डेटा समजत नाही. मी लावली ती फक्त वात. एवढी मोठी कंपनी टीव्हीवर सांगतेय म्हणजे त्यांनी तपासूनच सांगितलं असणार. दिवाळीचा बोनस शिल्लक होता, तोही घातला.
रात्री जयश्रीनं ताट समोर ठेवलं. भाजीत मीठ नव्हतं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

२ फेब्रुवारी
धर्मेंद्रचा फोन. सर, कलर कोणता? म्हणालो, विचार चालू आहे. त्यानं बाकी सगळ्यांनाही फोन केले. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं : शालिग्रामभाऊंनी घेतली की घेऊ.
माझा एवढा प्रभाव आहे हे माहीत नव्हतं.

६ फेब्रुवारी
रिझल्ट आले. इन्क्वायरी भरमसाट. सुरतेत बुकिंग एक. तेही धर्मेंद्रचं स्वतःचं, स्टाफ डिस्काउंटमध्ये, साहेबांनी डोळे वटारल्यावर. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, मागणीचा अंदाज फसला, गुंतवणूकदारांचा विश्वास ढासळला. शेअर उघडताच पडला आणि पडतच राहिला. विकायला गेलो तर घेणारा नाही.
माझं विश्लेषण चुकलं नाही. लोकांनी साथ दिली नाही.

९ फेब्रुवारी
शेअर शेवटी विकला. खोलीचा दरवाजा आणि एक खिडकी येईल इतके आले.
जयश्री एकटीच सचिनला जाऊन आली. बिल्डरकडे मुदत मागितली. तो म्हणाला, बेन, ती खोली गेली. शोरूमबाहेरच्या टेबलावर उखाभाऊंनी बुक केली. म्हणजे रांगेत उभ्या उभ्या.
उखाभाऊंनी आज मिलमध्ये पेढे वाटले. मला दोन दिले. म्हणाले, भाऊ, तुमच्यामुळे झालं. एक खाल्ला. दुसरा जयश्रीसाठी घरी आणला. तिनं पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन स्टोन चिकटवायला बसली. मी शेजारी जाऊन बसलो. मग डबीतले स्टोन रंगाप्रमाणे वेगळे करून दिले. तिनं नको म्हटलं नाही.

२२ मार्च, रविवार
जयश्री म्हणाली, चला, पर्वत पाटियाला जायचंय. तेजोरथचं शोरूम बंद झालं. त्या जागी आता साड्यांचा सेल. एसी तोच. गर्दी अशी की आत शिरायला वाट नाही, आणि प्रत्येकीच्या हातात पिशवी. ही खरी डिमांड. मालकाला विचारलं, कंपनी लिस्टेड आहे का? त्याला वाटलं मी इन्कम टॅक्सवाला. मागे निघून गेला.
काउंटरवर धर्मेंद्र. साड्या दाखवताना गाडीपेक्षा बरा दिसतो. जयश्रीनं पिशवीतून स्वतःच्या कामाचा नमुना काढला. त्यानं उलटसुलट करून पाहिला, मालकाला बाहेर बोलावून आणलं, आणि दर महिन्याच्या कामाचं ठरलंसुद्धा. मी पिशवी धरून उभा होतो.
निघताना धर्मेंद्रनं आदरानं विचारलं, सर, तुमचं काय मत? हे दुकान चालेल ना?
मी म्हणालो, चौकात उभं राहून जरा अभ्यास करावा लागेल.
जयश्री म्हणाली, नको.