वाढत्या अंगाचं माप

अब्बा, मंगळवारी दुकानात मी एक चूक केली आणि चार गिऱ्हाइकांसमोर हसं करून घेतलं. भुकूमचे एक आजोबा आहेत. रस्त्याकडेची जमीन विकली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आता निवांत बसून असतात. त्यांचे दोन लेंगे मी शिवून ठेवले होते. त्यांनी लेंगा हातात घेतला, पायाकडे आत दुमडलेलं चार बोटं कापड चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, ह्ये येवढं कापड आत कशापायी ठिवलंस? आमी आता वाढनार हाय व्हय?" सगळे हसले, मीही हसले. म्हातारं माणूस वर्षागणिक बोटभर आखडतं, त्याला वाढीची दुमड ठेवणारी शिंपीण पौडच्या बाजारात मी एकटीच असेन. त्यांना बसायला स्टूल दिलं आणि तिथंच दुमड उसवून लेंगे नीट करून दिले.

ही खोड तुमचीच. मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा एकटीनं फ्रॉक शिवला होता, शेजारच्या गल्लीतल्या मुलीचा. अगदी अंगाबरोबर बसला, म्हणून मी मिरवत होते. तुम्ही तो उलटा केलात, खालची शिवण बघितलीत आणि सगळा घेर उसवून टाकलात. मी रडायच्या बेतात. "पोर उंद्या वाढंल," तुम्ही म्हणालात, "तिच्या पाठीवर दोन भनी हायेत. आईनं दरसाली नवं कुटनं आनायचं?" मला फार राग आला होता तुमचा. मग जून येतो, गणवेशाच्या मापासाठी दुकानाच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत पोरंच पोरं उभी असतात, नाकं वाहणारी, एकमेकांना ढकलणारी. तुम्ही टेप लावून आकडे सांगताय आणि मी वहीत लिहितेय, प्रत्येक मापापुढे "वाढतं अंग". एक खाकी चड्डी तीन भावांच्या अंगावरून जायची आणि तरी शेवटी तिची पिशवी व्हायची.

ती वही अजून आहे माझ्याकडे. पानंच्या पानं पोरांची मापं, मध्येच कुठंतरी एखाद्या आजोबांचा सदरा. माझी आत्ताची वही उघडलीत तर तुम्हाला वाटेल कुणीतरी ती उलटी धरलीय. गणवेश आता तयार येतात, हे एक झालं. पण मुळात पोरंच कमी झालीत, अब्बा. ज्या घरातून पाच मापं यायची तिथून एक येतं, तेही लग्नकार्य असलं तर. त्या एकाच्या कपाटात कपडे मावत नाहीत आणि उतरलेले घालायला पाठीवर कुणी नाही. मी शिवते ते म्हाताऱ्यांचं. बिछान्यावरच्या आजींसाठी पुढून उघडणारे गाऊन, नाडी बांधायला बोटं वळत नाहीत म्हणून इलॅस्टिकचे लेंगे. हे रडगाणं नाही हं, धंदा बरा चाललाय. उलट मला अम्मी आठवते. तिची सहा बाळंतपणं झाली, आम्ही चौघं वाचलो. त्या दोघांची झबली तुम्ही कुणाला दिली नाहीत आणि टाकलीही नाहीत. आता जन्मलेलं मूल जगणार हे लोक गृहीतच धरतात. एवढी मोठी गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

पण आज लिहायला बसले ते त्या लेंग्यापायी नाही. तुमची नात, जिला तुम्ही कात्रीच्या आवाजानं झोपवायचात, ती आता हिंजवडीत नोकरी करते आणि महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहते. गेल्या रविवारी मी डबा घेऊन तिच्याकडे गेले होते. जावई खाली काहीतरी आणायला गेला होता. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "अम्मी, एक सांगायचंय. आम्हाला मूल नकोय. दोघांनी मिळून डिसाइड केलंय." मला पहिल्यांदा काय सुचलं असेल? मी विचारलं, "डॉक्टर काही म्हणाले का?" ती हसली. "नाही गं, डॉक्टरकडे गेलोच नाही. तब्येत ठणठणीत आहे दोघांची. नकोय, एवढंच." मी डबा रिकामा केला, धुतला आणि बस पकडून घरी आले. त्याला आठवडा झाला. तिचे दोन फोन येऊन गेले, मी दुकानात गर्दी आहे म्हणून ठेवून दिले. गर्दी कसली, एक गाऊन होता. खरं सांगायचं तर मला नातवंड हवं होतं, फार हवं होतं, आणि तिचा राग आला होता.

राग शमत नव्हता तेव्हा तुम्ही आठवलात. माझी मुलगी पाच वर्षांची होती. माझ्या सासूबाई तुमच्या दुकानात आल्या होत्या, दार अडवून उभ्या राहिल्या. "येका लेकीवर कोन थांबतं व्हय? लोक काय म्हनत्यात आमाला?" मी आत काजं करत होते, सुई बोटात गेली तरी हलले नाही. तुम्ही मशीन थांबवलंत, चष्मा काढलात. "डाक्टर न्हाई म्हनलेत तिला," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या बाळंतपनात जिवावर बेतंल. मी दोन पोरं मातीत ठिवलीत, तिसरं न्हाई ठिवनार. पुन्यांदा ह्यो इषय माझ्या दुकानात नको." घरात कधी आवाज न चढवणारा माणूस भर बाजारात असा बोलला. सासूबाई गेल्या आणि खरंच तो विषय परत निघाला नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही मोटारवालं नवं मशीन आणलंत, दर्शनी बाजूला मांडलंत आणि मला म्हणालात, "आजपास्नं गल्ल्यावर तू. मी आत बसतो." तेव्हा बाजारात एकही बाई दुकान चालवत नव्हती. आज मी जी काही आहे ती त्या दोन गोष्टींमुळे आहे. हे तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही, तुमच्यामागं अठरा वर्षांत कुणापाशी बोलले नाही, म्हणून आज लिहितेय. कुठं टाकायचं हे पत्र, ते मला ठाऊक नाही. वहीतच राहील.

तिला उद्या सकाळी फोन करणार आहे. तू ठरवलंस ना, मग झालं, असं म्हणायचंय. जड जाईल, पण म्हणेन. तिनं कुणाचा आडोसा घेतला नाही, सरळ सांगितलं, ते धाडस माझ्यात नव्हतं. माझ्या एका शब्दावर तुम्ही माझ्यासाठी एवढं भांडलात आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखव असं एकदाही म्हणाला नाहीत, कधी विश्वासानं म्हणून वाटतं, कधी तुम्हाला सगळं कळलं होतं म्हणून. चिठ्ठी नव्हतीच, अब्बा. डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. मला दुकान चालवायचं होतं आणि दुसरं मूल नको होतं, एवढंच.