थोरलीकडचा माझा महिना

आई,

तुला पत्र लिहायला बसले आणि आधी हसूच आलं. तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू हॅमिल्टनला, मी तासाभरावर युनिव्हर्सिटीत. रविवारी फोन असायचाच. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. वर्तमानपत्रात आयुष्य गेल्यामुळे मुद्द्याचं आधी लिहायची सवय आहे, म्हणून तेच आधी लिहिते. थोरली आजारी आहे. हिवाळ्याच्या तोंडाला रेजिना शहरात, तिच्या घरी तिला स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणं सावकाश झालं. तिला स्वतःच्या घरात राहता येईल की केअर होममध्ये जावं लागेल, हा प्रश्न होता. त्या प्रश्नात मी तुला ओढलंय, म्हणून हे पत्र.

तू पोळ्या लाटते आहेस आणि मी ओट्याला टेकून उभी आहे. युनिव्हर्सिटीतलं माझं पहिलं वर्ष आहे. मी भीत भीत सांगते की मी सोरोरिटीत नाव दिलं. म्हणजे काय, तू विचारतेस. मी म्हणते, मुलींचं मंडळ असतं, त्यांचं एक घर असतं, शपथ घ्यायची आणि मग त्या सगळ्या जन्मभराच्या सिस्टर्स. तुझं लाटणं थांबत नाही. "किती जणी?" "सध्या घरात अठरा." "अठरा मुलींची आई झाले मी, आणि डोहाळजेवण एकही नाही!" बाबा पेपरामागून हसतात. मग तू लाटणं बाजूला ठेवतेस. "हे बघ, मानलेलं नातं मानायचं तर पुरतं मानायचं. अर्धवट मानायचं असेल तर मैत्रीण म्हण आणि मोकळी हो." आणि मग जरा हळू आवाजात, "नागपूरला होस्टेलवर माझ्याही होत्या गं. एकीच्या ताटात दुसरी जेवायची. लग्नाच्या पत्रिका छापल्या आणि संपलं. एक इंदूरला, एक जबलपूरला, मी इथे कॅनडाच्या बर्फात. आता कोण कुणाची?" तुझ्या त्या मैत्रिणींबद्दल तू एवढंच बोललीस, पुन्हा कधी नाही.

आमच्याकडे नव्या मुलीला एक वर्ष पुढची मुलगी बिग सिस्टर म्हणून मिळायची, आणि कोण ते आधी कळू द्यायचे नाहीत. दारात लोकरीचं एक टोक हातात देत. ते धरून घरभर फिरायचं, जिन्यावरून, सोफ्याखालून, बेसमेंटमध्ये, आणि दुसरं टोक जिच्या हातात ती तुमची. माझ्या लोकरीचं दुसरं टोक धरून एक उंच मुलगी वॉशिंग मशीनवर बसली होती. सस्कॅचवनमधल्या गव्हाच्या शेतावरून आलेली. "यू टुक युअर टाइम," ती म्हणाली. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती, आणि सुट्टीत घरी जायचं तर अर्धा देश ओलांडावा लागे, म्हणून दिवाळीला मी तिला आपल्याकडे घेऊन आले.

दारातच तू मला मराठीत विचारलंस, "तुझ्यापेक्षा केवढ्याने मोठी?" मी म्हटलं, आई, बिग सिस्टर हे नुसतं म्हणायला असतं. "नुसतं कसं? शपथ घेतलीत ना?" नरकचतुर्दशीला तू पाट मांडलेस आणि पहिल्या पाटावर तिला बसवलंस. तोवर त्या घरात पहिला पाट माझा होता. मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी, आणि तू तिच्या पिवळ्या केसांत तेल जिरवत मराठीतच बडबडते आहेस, "काय कोरडे केस हे, बघतं की नाही कुणी तुझ्याकडे?" तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती मान खाली घालून रडत होती. मला वाटलं, तेल डोळ्यांत गेलं. तू विचारलं नाहीस, फक्त तेल लावत राहिलीस, आणि माझं पाणी गार होऊन गेलं. त्या दिवसापासून ती थोरली. तव्यावरची पोळी आधी तिला. साडी निवडायची तर आधी तिने. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "तूच आणलीस ना? आता भोग."

हे तू किती खरं धरून चालली होतीस ते मला माझ्या लग्नात कळलं. लग्न ठरलं आणि तू सगळ्यांत आधी थोरलीला फोन लावलास, रेजिनाला. तिला तिथे सरकारी नोकरी लागली होती. मी बेसमेंटमधल्या फोनवरून ऐकत होते. "थोरलीच्या आधी धाकटीचं कसं करू मी? लोक काय म्हणतील?" तुझं इंग्रजी अशा वेळी अगदी कोर्टातल्यासारखं व्हायचं. पलीकडून हसण्याचा आवाज. "विच पीपल, आई?" "ऑल पीपल." मग तिचं हसणं थांबलं. तू थट्टा करत नाहीस हे तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, मला लग्न करायचं नाही, आई. आत्ता नाही आणि पुढेही नाही. मी हे अजून कुणाला बोलले नाहीये. इकडे बेसमेंटमध्ये मी रिसीव्हर हाताने झाकला. तू काय काय बोलशील याची यादीच माझ्या डोक्यात तयार होती. तू एवढंच म्हणालीस, "बरं. मग करवली तू. साडी मी नेसवीन, उंच आहेस, दोन पिना जास्त लागतील." हॅमिल्टनच्या त्या हॉलमध्ये माझ्यामागे करा धरून ती उभी होती, आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारलं, ही कोण? तू म्हणालीस, "माझी थोरली." सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. बाबा छताकडे बघत होते.

आणि मग वसंतातला तो चहा. दरवर्षी आमच्या सोरोरिटीच्या जुन्या मुलींचा असायचा, टोप्या, काकडीचे सँडविच, वार्षिक सभा. मी तेव्हा पेपरात नवी होते, रोज संध्याकाळची डेडलाइन. लागोपाठ दोन वर्षं गेले नव्हते. तिसऱ्या वर्षी तू फोनवर झापलंस, "तू नाही गेलीस तरी मी रागावणार नाही, पण घरटी एक माणूस तरी जायला हवं." मी म्हटलं, आई, ते काय कुणाचं लग्नकार्य आहे? मला वाटलं विषय संपला. शनिवारी रात्रपाळीची तयारी करत होते तर तुझा फोन. तू बसने एकटी जाऊन आली होतीस, माझ्या वतीने. करंज्यांचा डबा नेलास, माझ्या नावासमोर सही केलीस आणि सभेत बसलीस. "त्या विचारत होत्या, बातमीपत्र कोण काढील म्हणून. कुणी बोलेना. बरं दिसत नव्हतं. मी हात वर केला." "तू? तू कशी काढणार?" "मी कशाला? मी सांगितलं, माझी मुलगी पेपरात आहे, ती काढील. टाळ्या वाजवल्या त्यांनी." आई, ते बातमीपत्र मी अजून काढते. कुणाला नातू झाला, कुणाचा गुडघा बदलला, कोण गेलं. पहिली काही वर्षं तुला मनातून बरंच बोलले आहे. पण त्यामुळे मला त्या अठरा जणींचा पत्ता नेहमी माहीत राहिला. बाबा गेले तेव्हा तो उपयोगी पडला. आठवडाभर रोज सकाळी त्यांतली कुणी ना कुणी येऊन आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून जायची, आणि थोरली विमानाने येऊन स्वयंपाकघरात शिरली. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "इथल्या टिकल्या गं." नागपूरच्यांचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही.

आता यंदाचं. थोरलीच्या स्ट्रोकनंतर आम्ही सगळ्या कॉम्प्युटरवर भेटलो. पांढरे केस, जाड चष्मे, दोघी म्यूटवर बोलत होत्या. हॉस्पिटलचं म्हणणं होतं, तिला एकटीला घरी सोडता येणार नाही. आम्ही ठरवलं की एकेकीने एकेक महिना जाऊन राहायचं, तोवर तिचं तिला जमायला लागेल. फेब्रुवारी मी घेतला. माझी मुलगी मिसिसागाहून एअरपोर्टवर सोडायला आली होती. "मॉम, शी इज नॉट इव्हन फॅमिली. अँड इट्स मायनस थर्टी-फाइव्ह देअर." मी म्हटलं, ती माझी करवली आहे. "व्हॉट डज दॅट इव्हन मीन?" ती म्हणाली, आणि माझ्या बॅगेत स्वतःचे जाड मोजे कोंबले.

रेजिनाला थंडी कोरडी असते, बर्फ पायाखाली करकरतो, आणि सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून रात्रभर तिच्या इंजिनच्या हीटरची वायर प्लगमध्ये घालून ठेवावी लागते. थोरलीचं घर छोटं, स्वच्छ, पुस्तकांनी भरलेलं. पहिला आठवडा ती अगदी पाहुण्यांशी वागावं तशी नीट वागली. मग एका दुपारी मी तिच्या स्वेटरची बटणं लावत होते तेव्हा तिने डाव्या हाताने माझा हात धरून बाजूला केला. "इनफ," ती म्हणाली. तिला शब्द सावकाश सापडतात, पण एकदा सापडला की ती सोडत नाही. "तुम्ही म्हाताऱ्या बायका अर्धा देश ओलांडून माझी बटणं लावायला येणार? नो. मी सोशल वर्करला सांगितलंय. केअर होमच्या यादीत नाव घाल म्हणून." मी म्हटलं, तुला तिथे जायचंय का? "नाही." मग? "आय डोन्ट वॉन्ट टू बी अ चोअर. कुणाच्या डोक्यावरचं काम नाही व्हायचं मला." मी शपथेची आठवण दिली. ती म्हणाली, एकोणीस वर्षांच्या मुलींनी मेणबत्त्या धरून घेतलेली शपथ. मी म्हटलं, बाबा गेले तेव्हा तू आली होतीस. "ते वेगळं. तेव्हा मी करणारी होते." एवढं बोलून ती दमली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मला कळलं की माझ्या हातात आता एकही कारण उरलं नाही. सोमवारी सोशल वर्कर येणार होती.

तेव्हा मी म्हणाले, "आईने जाताना मला सांगितलं होतं."

ती वळली. "काय?"

"थोरलीला एकटी पडू देऊ नका."

आई, तू असं काही म्हणाली नव्हतीस. शेवटच्या दिवसांत तू बहुतेक झोपूनच होतीस. जागी झालीस की लिंबाचं लोणचं मागायचीस, आणि एकदा त्या बिचाऱ्या फिलिपिनो नर्सला हिंदीत रागावलीस. थोरलीचं नावही तू काढलं नाहीस. माझ्या तोंडून ते वाक्य कसं निघालं मला ठाऊक नाही, पण निघाल्यावर मी ते मागे घेतलं नाही.

थोरली म्हणाली, "तिने म्हटलं तसं म्हण. मराठीत." मी म्हटलं. तिने एकेक शब्द चाचपडून पाहिला. "एकटी म्हणजे अलोन?" "हो." "आणि 'थोरली' असं म्हणाली? माझं नाव नाही घेतलं?" मी म्हटलं, तुझं नाव ती कधी घ्यायची? तिने डाव्या हाताने आपला निकामी हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "शी ऑलवेज वॉज बॉसी," आणि स्वेटरची उरलेली बटणं माझ्यासमोर केली.

यादीतलं नाव तिने स्वतः फोन करून काढायला लावलं. महिनाअखेरीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली, तिशीची, हसतमुख मुलगी. तिला बघायचं होतं की थोरली एकटीने स्वयंपाकघरात काय करू शकते. मला बजावलं, तुम्ही मदत करायची नाही. मी खुर्चीत हातांवर बसून राहिले. थोरलीने डाव्या हाताने किटली भरली, अर्धीच, कारण पूर्ण उचलत नाही. दुधाचा कार्टन कुशीत धरून उघडला, दूध सांडलं, तिने फडक्याने पुसलं आणि थेरपिस्टला म्हणाली, "तुलाही करू का?" आम्ही तिघींनी चहा घेतला. साखर जास्त झाली होती. ती घरीच राहतेय, आई. आता आमच्यापैकी कुणी महिनाभर राहत नाही, पंधरा दिवसांनी एखादी जाते, फ्रीज भरते, गाडी काढून तिला तळ्याकाठी फिरवून आणते.

पण ते वाक्य राहिलंय. थोरली प्रत्येकीला ते सांगते. परवा पुढची जाणारी सिस्टर मला फोन करून म्हणाली, आईचं ते वाक्य मला नीट शिकव, ती दारात म्हणून दाखवायला लावते. मी दोनदा सावकाश म्हटलं. तिने विचारलं, आई ते म्हणाली तेव्हा खोलीत तू एकटीच होतीस? मी हो म्हटलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं दोन-दोनदा विचारून, पडताळून छापली, आणि हे एक वाक्य तुझ्या नावाने असंच फिरतंय. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. तुझ्या तोंडी घातलेलं तुला एकदा वाचून दाखवावं, एवढंच मनात होतं. पण खरं सांगू का, आई, तू त्यात एखादा शब्द बदलायला सांगितला असतास, तरी मी तो बदलला नसता.