पेटीची दुसरी किल्ली

बोरीवली
८ ऑक्टोबर २०२४

ती. नंदाताईस,
काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान रुसल्यापासून तुला फोन करणं म्हणजे सगळ्या सोसायटीला बातमी सांगणं, म्हणून हे पत्र. बातमी चांगली आहे. बारा आठवडे गोळ्या खाल्ल्या, पुढे बारा आठवडे वाट पाहिली आणि परवा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी गेला. वनमालाने देवापुढे साखर ठेवली.

पण डॉक्टरांनी सोडताना बजावलं, की एकदा बरा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही. आजारी माणसाचं रक्त कुठून अंगात गेलं तर परत होतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्याशा वाळलेल्या डागात तो विषाणू काही आठवडे तग धरतो म्हणे. ताटवाटीने, जवळ बसण्याने काही होत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचं त्याने वापरायचं. मला पहिल्यांदा कुठून लागला हे कळलंच नाही, त्यामुळे धास्ती जास्त. मी कुलपाची पत्र्याची पेटी आणली आणि माझं सगळं तिच्यात ठेवलं. एक किल्ली माझ्या खिशात, दुसरी वनमालाकडे, वेळप्रसंगी असावी म्हणून. ती हसली. तूही तपासून घे म्हटलं तर म्हणते, मला काय धाड भरलीय.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
काशीराम


घाटकोपर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. काशीरामास,
नंदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. टूथब्रशाला कुलूप लावणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. आई असती तर पोट धरून हसली असती.

भाऊबीजेला नक्की ये. साड्यांच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून पायांना झालेली कुरुपं वर्षभरात पुन्हा वाढली असतील. तेल-उटणं लावून आंघोळ झाली की कातडी मऊ पडते, मग नेहमीसारखी तासून देईन. गिरणीतून आलेल्या बाबांची कुरुपं आई अशीच तासायची. तिच्या डबीतलं ब्लेड मी अजून तिच्यासारखंच काचेच्या पेल्यात घासून चालवते. परवाच माझ्या टाचांच्या भेगांचं कातडं काढलं, धार उत्तम आहे. परक्याच्या हातात पाय देऊ नकोस. तुझ्या डॉक्टरांनाही तेच म्हणायचं असणार.

माझं ठीक. संध्याकाळी पाय सुजतात, जिना चढताना दोनदा बसावं लागतं. वय झालं, दुसरं काय. वनमालाला आशीर्वाद सांग.

तुझी
ताई


बोरीवली
२ जून २०२५

ती. नंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, वाट लागली. वर्षाची तपासणी केली तर विषाणू परत आहे, आणि आकडा लाखांत. डॉक्टर म्हणाले, जुना उरला होता असं दिसत नाही, हा नव्याने शिरलाय. पुन्हा सगळ्या गोळ्या.

मी सलूनची पायरी चढलो नाही. दाढ दुखली तरी लवंग धरून बसलो. मग हा आला कुठून? घरातूनच ना? जानेवारीत वनमालाने पेटी उघडून माझा नेलकटर घेतला होता, तिनेच सांगितलं. सुबोधच्या जन्माच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं, आणि तपासणी तिने टाळलीच आहे. काल मी तोंडावर म्हटलं, हा रोग तूच मला दिलास, एकदा नाही, दोनदा. ती भाकऱ्या थापत राहिली.

मला आता स्वतःच्या घरातल्या टॉवेलचीसुद्धा भीती वाटते. तू काय ते सांग.

काशीराम


घाटकोपर
९ जून २०२५

चि. काशीरामास आशीर्वाद.

बोललास ते बरं केलंस. तिचा हलगर्जीपणा मी लग्नापासून बघतेय, तुझ्याकडे बघून गप्प बसले. तिला म्हणावं, आधी रिपोर्ट आण आणि मग स्वयंपाकघरात पाय ठेव. तिथे भीती वाटत असेल तर माझ्याकडे येऊन राहा. तुझ्या जिवापुढे मला कुणी मोठं नाही.

मला हल्ली अन्न जात नाही, पोट मात्र फुगलेलं असतं. गॅस असेल. काळजी नको.

ताई


बोरीवली
४ जुलै २०२५

ती. नंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वनमालाला वाचून दाखवलं, स्वयंपाकघराच्या वाक्यासकट. दुसऱ्या दिवशी ती एकटी जाऊन रक्त देऊन आली. रिपोर्ट आला. तिला काही नाही, आणि आधीही कधी झालेलं नाही. कागद तिने टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर तांब्या ठेवला आणि पिशवी भरून मुलुंडला सुबोधकडे गेली. मी दारापर्यंतही गेलो नाही. मला लाज वाटत होती.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, वर्षभरात दुसऱ्या कुणाचं ब्लेड, वस्तरा, सुई लागली का. मी ठामपणे नाही म्हटलं. घरी येऊन मोजे काढले आणि पायाकडे बघत बसलो.

ताई, तू रागावू नकोस. तुझ्या मायेवर मी शंका घेत नाही. पण एवढी एक रक्ततपासणी करून घे. पेटीला कुलूप लावताना तुझी डबी माझ्या मनातच आली नाही. ती मला कधी वस्तू वाटलीच नाही, ती आईची होती.

तुझा
काशीराम


घाटकोपर
२८ जुलै २०२५

चि. काशीरामास,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ, तरी देते.

मला आहे. डॉक्टर म्हणतात तीस वर्षांहून जुना असावा. एकोणनव्वद साली गर्भपिशवी काढली तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, बहुधा तेव्हाचा. पोटात आहे तो गॅस नाही, पाणी आहे. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण लिव्हर पार कडक झालंय, ते पूर्वीसारखं होणार नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी तू यायच्या आधी मी माझ्या टाचा साफ केल्या होत्या. एका भेगेतून रक्त आलं होतं. ब्लेड नळाखाली धरलं, पदराला पुसलं. मग तुझं कुरूप जरा खोल गेलं आणि मी हळद दाबली, आठवतं? वर्षभर मी त्या एका तासाची वाट बघायचे रे. तुझा पाय मांडीवर घेतला की आई घरात असल्यासारखं वाटायचं. आणि दर वर्षी मी तुला हेच देत होते.

वनमालाला तू काही कळवू नकोस. मी तिला सगळं लिहिलंय, माफी मागितलीय आणि तुझं शेवटचं पत्रही सोबत पाठवलंय. आता माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नको.

अभागी
ताई


मुलुंड
६ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना,
वनमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी आठ वाजता मी घाटकोपरला येते. ह्यांच्या वेळी दोनदा फेऱ्या मारून हॉस्पिटलातली प्रत्येक खिडकी पाठ झाली आहे. तिथे नाव पुकारतात ते तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून गोळ्या संपेपर्यंत मी बरोबर असेन. डबीला आता हात लावू नका, मी हातमोजे घालून काय ते करीन. चहा मात्र तुमच्याच कपातून पिईन. त्याने काही होत नाही हे मी ह्यांच्या आधी शिकले.

मला राग आला नाही असं लिहिणार नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मी समजू शकते. पण ह्यांचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्यावर संशय आला तेव्हा ह्यांनी लिहिलं, रागावू नकोस, मायेवर शंका नाही, एवढी एक तपासणी कर. हे वाक्य ह्यांना येतं हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. मला तसं विचारलं असतं तर मी त्याच दिवशी रक्त दिलं असतं.

ह्यांच्या गोळ्यांची वेळ सकाळी नऊची आहे, विसरतात, कळवा. मी सुबोधकडेच राहणार आहे. पेटीची दुसरी किल्ली या पाकिटात घातली आहे, ती ह्यांना द्या.

मंगळवारी काही न खाता तयार राहा. लोभाचं मागाहून बघू.

वनमाला