खरवडलेला लाल ठिपका

मंगळवार, गोडादरा. दिवेलागणीची वेळ.

काय करून बसलो मी! माझे वडील, नाना, तारमास्तर होते. लकव्यानं वाचा गेल्यापासून ते तारा पाठवायच्या आपल्या जुन्या यंत्राकडे बोट दाखवत होते. म्हटलं, कारखान्यात लूमचे पार्ट धुतो तसं सगळं खोलून, घासलेटमध्ये धुऊन, चकचकीत करून देऊ. स्क्रूवर एक लाल ठिपका होता. मळ समजून खरवडला.

आज यंत्र नानांपुढे ठेवलं. त्यांनी दांडी दोनदा दाबली, मग अंगठ्यानं तो ठिपका शोधत राहिले. तेव्हा आठवलं. आईचं नेलपॉलिश होतं ते! दांडीखालची फट नानांनी त्या स्क्रूनं आपल्या हाताला जुळवलेली, ती कुणी हलवू नये म्हणून लावलेली खूण. आधी का नाही आठवलं? यंत्र ढकलून ते भिंतीकडे वळले. मी तासभर स्क्रू फिरवत बसलो. छे. नुसता ठिपका परत लावून काय होणार?

एवढ्यात ही म्हणाली, "अहो, नानांचं बोट बघा." खाटेच्या पाइपावर टकटक चालली होती, तार पाठवतात तशी. तेच ते, पुन्हा पुन्हा.

कपाटात मी हौसेनं जमवलेली अशी नऊ यंत्रं आहेत, सगळी मी दुरुस्त केलेली. आणि त्या टकटकीतलं एकही अक्षर मला कळत नाही.