दार आतून ढकलून पाहावं

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी रोजनिशी. वही मुद्दाम छोटी घेतली आहे, शर्टाच्या खिशात मावते. इमारत ऑफिसांची, पाच मजली. माझ्या वाट्याला जिन्याखालची खोली, एक टेबल आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा जास्त असा पंखा. या वयात देखभालीचा साहेब व्हायचं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षाच. तरी आज खुशीत आहे, कारण दुसऱ्या मजल्यावर माझी छकुली काम करते. पंचवीस वर्षांची घोडी झाली, पण माझ्या तोंडी छकुलीच. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दुपारी खाली येऊन तिने माझं टेबल पुसलं आणि ऑफिसात छकुली म्हणायचं नाही असं बजावलं. मी लगेच वॉचमनकाकांसमोर म्हणून टाकलं. डोळे वटारून वर गेली, तासाभराने चहा घेऊन आली.

बुधवार, ५ तारीख

मालकांनी पहिलं काम दिलं. प्रत्येक मजल्याच्या मुख्य दाराला कार्डाने उघडणारं कुलूप निवडायचं. बाजारात दोन जाती. एक वीज गेली तरी बंदच राहतं. दुसरं चुंबकाचं. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दोघं एकमेकांना सोडत नाहीत, वीज गेली की आपोआप सुटतात. मी चुंबक निवडलं. आग लागो, धूर होवो, वीज तोडली की आतल्या माणसाने दार नुसतं ढकलायचं आणि बाहेर पडायचं. छकुलीचं ऑफिस चोवीस तारखेला तिसऱ्या मजल्यावर जाणार आहे. दुसऱ्याच्या पोरांसाठीही हेच निवडलं असतं, पण आपली असली की माणूस जरा जास्त डोळे फाडून बघतो.

मालक सगळ्याला हो म्हणाले, फक्त तिसऱ्या मजल्याला नवीन घेऊ देईनात. तिथलं जुनं चुंबक अडगळीत पडलंय, धडधाकट आहे, चांगली वस्तू कशाला फेकायची, असं त्यांचं म्हणणं. मी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. शेवटी त्राण उरलं नाही. म्हटलं, जाऊ दे.

सोमवार, १० तारीख

फिटरने आज सगळी कुलपं बसवली. जुन्या चुंबकाने मात्र त्याला घाम फोडला. अडगळीत, ना वायर ना वीज, तरी त्याला पट्टी घट्ट चिकटलेली. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावी लागली. कधीकधी थोडा जोर मुरून राहतो म्हणाला, पण बोलताना सारखा हात पँटला पुसत होता. तिसऱ्या मजल्याचं दार त्याने बादली लावून उघडंच ठेवलं. आत जा आणि बंद करून ढकलून बघ म्हटलं, तर त्याला एकदम भूक लागली. मला हसूच आलं.

प्रत्येक दाराबाहेर एक छोटा दिवा आहे. कुलूप लागलं की स्थिर जळतो. छकुलीला दाखवून सांगितलं, हा लुकलुकला की समजायचं आतून कुणीतरी ढकलतंय.

रविवार, १६ तारीख

सुट्टीचा दिवस, इमारत रिकामी. सकाळी मेन स्विच पाडून दारं तपासली. वीज नाही म्हणजे लिफ्टही नाही, हे माझ्या गुडघ्यांच्या आधी लक्षात यायला हवं होतं. पद्धत अशी, की आपण आत जायचं, दार लागू द्यायचं आणि आतून ढकलून बाहेर यायचं. पळणारा माणूस आत असतो, बाहेर नाही. पहिला, दुसरा मजला तसाच केला. तिसऱ्यावर पाय बोलायला लागले. बाहेरूनच मूठ धरून ओढलं. दार उघडलं. आत मोकळा हॉल, ना खुर्ची ना माणूस. म्हटलं, झालं. तोंडावर मात्र गरम हवा आली, गच्च भरलेल्या बसचं दार उघडल्यावर येते तशी. बंद करताना खांदा लावावा लागला. वरचे दोन मजलेही बाहेरूनच ओढले आणि सगळी दारं पास असं मालकांना कळवलं.

मंगळवार, १८ तारीख

तिसऱ्या मजल्याचा दिवा लुकलुकतोय. कार्ड लावून उघडलं, आत कुणी नाही. लावलं, परत लुकलुक. फिटरला फोन केला. वायर ढिली असेल म्हणाला. येऊन बघ म्हटलं, तर गावाला जातोय म्हणाला.

गुरुवार, २० तारीख

वॉचमनकाका आज चहा पिताना आपणहून बोलले. पूर्वी तिसऱ्यावर एक ऑफिस होतं. धूर झाला, वीज तोडली, पण दार सुटलं नाही. आतली माणसं आतच राहिली. गंमत म्हणजे बाहेरून ओढल्यावर ते लगेच उघडलं, पण तेव्हा उशीर झाला होता. त्या वेळचा देखभालीचा साहेब दारं नेहमी बाहेरूनच ओढून बघायचा. काका म्हणाले, त्यालाही गुडघ्याचा त्रास होता.

चहा तसाच राहिला.

शुक्रवार, २१ तारीख

मालकांना म्हटलं, चुंबक बदला, नाहीतर सोमवारचं हलवणं थांबवा. म्हणाले, तुम्हीच पास केलंत, आता भुतंखेतं कुठून काढलीत? छकुलीला सांगितलं, सोमवारी घरी राहा. ती हसली. "बाबा, दार तुम्ही पास केलंय ना? मग माझं काय वाकडं होणार?"

खाली येऊन काकांना रविवारी सकाळी लवकर यायला सांगितलं. 

रविवार, २३ तारीख

आत आहे. तिसऱ्या मजल्यावर.

सकाळी मेन पाडला. काकांना खालचं फाटक लावून तिसऱ्याच्या दाराबाहेर यायला सांगितलं. म्हटलं, तोवर मी आतून ढकलतो, नाही उघडलं तर ओढा. आत आलो. दार लागलं. ढकललं.

हलत नाही. वीज नाही, तरी हलत नाही.

काकांना हाका मारल्या. त्यांचा आवाज आला — साहेब, ओढतो. मग दार उघडल्याचा आवाज. पण माझ्यासमोर दार बंदच. काका म्हणाले, अरेच्चा, साहेब वर गेले वाटतं. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर म्हणाले. मी ओरडत होतो. त्यांना रिकामा हॉल दिसला. मला दिसला होता तसाच.

मी ओढलं तेव्हाही हे आत राहिलेले सगळे ओरडत असणार.

फोन लागत नाही. खिडक्या बंद काचेच्या, फुटत नाहीत. रस्ता दिसतो. वर कुणी बघत नाही.

हवा गरम आहे. कुणी दिसत नाही, पण दारापाशी जागा मिळायला रेटावं लागतं. मग जरा सरकून घेतात. मला आपल्यातला समजतात.

सोमवार

वीज आली. बाहेर सामानाचे आवाज. मी ढकलतोय. सगळेच ढकलतायत. खांदे सोलवटले. दमलो रे देवा —

छकुली. तिचा आवाज. काकांना विचारतेय, बाबा रात्री घरी आले नाहीत. रडवेली झालीय. काका म्हणतात, इथे नाहीत पोरी, मी स्वतः उघडून बघितलं.

थांबली. म्हणते, "काका, दिवा बघा. लुकलुकतोय. बाबा आत आहेत."

मीच शिकवलं होतं —

हात काढले मी दारावरून. मागे सरलो. दिवा थांबू दे. थांबला की जाईल ती, नाहीतर आत येईल आणि अडकेल. बाबा नाहीत इथे, जा बाळा, घरी जा —

मी ढकलत नाहीये. पण हे — हे ऐकत नाहीत. थांबा. माझी लेक आहे ती. हात जोडतो, थोडा वेळ तरी थांबा — दार अजून थरथरतंय —

कार्डाचा आवाज. आता दार मलाही उघडं दिसतंय. छकुली आत येते—